कोरडे हातमोजे

पेजर वाजतो तेव्हा दोन वाजून दहा.
उशाशी ठेवलेले लोकरीचे पायमोजे
अंधारातच चढवते,
उलटे की सुलटे, कोण बघतंय.
बाहेर उणे एकोणीस.
गाडीचं दार गोठून बसलेलं,
त्याला खांदा लावावा लागतो,
अडून बसलेल्या गाईला लावावा तसा.

आमची गाडी पूर्वी पावाची होती.
लाल रंगाखालून बेकरीची अक्षरं अजून डोकावतात,
म्हणून बंबावरची पोरं तिला पाववाली म्हणतात.
(मला म्हणतात की गाडीला, ते मी विचारलेलं नाही.)
आत कॉफीचं पिंप, पिवळ्या वाटाण्याचं सूप,
ब्लँकेटं, रक्तदाब मोजायचं यंत्र
आणि हातमोज्यांचे चाळीस जोड,
डावा उजव्यात खोचलेला.
ते कोरडे ठेवणं, एवढंच माझं काम.

कॅनल स्ट्रीट. लाकडी तिमजली घर.
पाण्याचा फवारा भिंतीवर आदळतो
आणि खाली येता येता बर्फ होतो.
शिडी, जिना, विजेच्या तारा, माणसांच्या पाठी,
सगळ्यावर काचेचा लेप.
एका अंगाने जळतंय, दुसऱ्या अंगाने गोठतंय
एकच घर.

फितीच्या पलीकडे आम्हाला जायचं नाही.
ओनेसीम फळ्यावरचे बिल्ले मोजतो.
आत गेले अकरा.
बाहेर नऊ.
तो मोजतो तेव्हा कुणी खोकतसुद्धा नाही.
दहा.
पिंपाचा नळ ठिबकतो, तो मी बोटाने दाबून धरते.
अकरा.

मग ते येतात, पाळीपाळीने, वीस वीस मिनिटांसाठी.
कोट काढला तरी कोट उभाच राहतो.
एकाच्या हनुवटीखालचं बक्कल गोठलंय,
मी कोमट पाण्याची वाटी लावते,
मान धरून, तान्ह्याला न्हाऊ घालताना धरतात तशी.
तो मिशीतल्या बर्फासकट हसतो.
सूप दोनदा मागतो.

रेमी बुशार शेवटी आला.
शाळेच्या खानावळीत मीच वाढायचे त्याला,
वाटाणे ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवायचा.
आता बावीस वर्षांचा.
तिसऱ्या मजल्यावरून आलाय.
बसायला स्टूल दिलं तर स्टुलाकडे बघत राहिला.

रुग्णवाहिका कोपऱ्यावर उभी आहे.
तिला घाई नाही.
तेवढ्यावरून कळतं.

प्रशिक्षणात एक कागद दिला होता आम्हाला,
अशा वेळी काय बोलावं, काय बोलू नये.
बोलू नये ची बाजू लांब होती.
मी विचारलं, साखर किती?
त्याने खूप वेळ विचार केला,
रात्रभरात हा एकच प्रश्न
उत्तर असलेला.
तीन, म्हणाला.
तीन घातली. ढवळली.
तो प्यायला नाही,
कप धरून बसला, वाफ संपेपर्यंत.
मग हात पुढे केले.
ओले मोजे मी एकेक बोट धरून उतरवले,
कोरडे चढवले. अंगठा शेवटी.
पाळी संपली तसा उठला, शिडीकडे गेला.

पोर्टलंडहून कोलेट फोन करते,
अडुसष्टाव्या वर्षी हे कशाला, म्हणते.
मी सांगते, तशीही झोप लागत नाही.
हे पूर्ण खोटं नाही.

सकाळी माझ्या स्वयंपाकघरात
रेडिएटरवर, खुर्च्यांच्या पाठींवर, ओव्हनच्या दांडीवर
ओले हात वाळत असतात.
धुराचा वास पडद्यांत शिरतो,
तो आठवडाभर राहणार.
दुपारी मोजून पिशवीत भरले.
एकोणचाळीस जोड
आणि एक उजवा.

डावा त्याच्याकडे राहिला असेल.
असू दे.
मागायला जाणार नाही.